व्हायरल लोड अचानक वाढतो तेव्हा

एचआयव्हीचे उपचार सुरळीत चालू असताना, वर्षानुवर्षे रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू आढळला नाही, असे वाचायची सवय झालेल्या माणसाच्या हातात एखाद्या वर्षी आकडा छापलेला कागद पडतो, तेव्हा त्याच्या मनात किती उलथापालथ होते हे मी एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधे मोफत देणाऱ्या केंद्रात) समुपदेशक म्हणून काम करताना अनेकदा पाहिले आहे. काही जण गप्प होतात, तर काही जण देवाची आणि मुलाबाळांची शपथ घेऊ लागतात. त्यांना शपथा घ्याव्याशा वाटतात, कारण आकडा पाहताक्षणी घरच्यांपासून दवाखान्यापर्यंत सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: "गोळ्या चुकवल्या ना?" हा प्रश्न निराधार नाही, कारण लोड वाढण्याचे सर्वांत नेहमीचे कारण डोस चुकणे हेच आहे. मात्र तो सर्वांत आधी आणि आरोपाच्या सुरात विचारला की समोरचा माणूस मिटून जातो, आणि मग कारण डोस चुकण्याचे असो वा आणखी कुठले, ते बाहेर येत नाही. आकडा वाढण्याची कारणे एकाहून अधिक आहेत, आणि ती शांतपणे, क्रमाने तपासावी लागतात.

व्हायरल लोड म्हणजे रक्तातील एक मिलिलिटर प्लाझ्मामध्ये विषाणूच्या आरएनएच्या किती प्रती आहेत याची मोजणी. उपचार न घेतलेल्या माणसात ही संख्या हजारांत किंवा लाखांत असते. उपचार लागू पडले की ती यंत्राला दिसू नये इतकी खाली येते. वेगवेगळ्या यंत्रांसाठी ही खालची मर्यादा २० किंवा ४० प्रतींची असते. विषाणू दिसत नाही याचा अर्थ तो शरीरातून गेला असा होत नाही. विश्रांत अवस्थेतील सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या डीएनएमध्ये तो दडून राहतो, आणि अशा पेशींचा साठा इतका सावकाश घटतो की तो निम्मा होण्यासच सुमारे ४४ महिने लागतात. त्यांतील एखादी पेशी अधूनमधून जागी होते आणि थोडे विषाणू रक्तात सोडते. गोळ्या चालू असल्या की या विषाणूंना नव्या पेशींमध्ये शिरून वाढता येत नाही, परंतु नेमक्या त्याच वेळी रक्त काढले गेले तर ते मोजणीत दिसू शकतात.

त्यामुळे अगदी नेमाने गोळ्या घेणाऱ्या माणसाचाही लोड कधीतरी ६०, ९० किंवा १५० असा येतो आणि पुढच्या तपासणीत पुन्हा दिसेनासा होतो. डॉक्टर अशा क्षणिक वाढीला 'ब्लिप' म्हणतात. या ब्लिपचा छडा लावण्यासाठी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी लोड दबलेल्या १० रुग्णांचे रक्त दर दोन-तीन दिवसांनी, असे तीन-चार महिने तपासले होते. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. जवळजवळ सर्वांच्या रक्तात मधूनच किंचित वाढ आढळली, पण ती काही दिवसांतच मावळली, आणि तिच्यामुळे औषधांना दाद न देणारा नवा विषाणू तयार झाल्याचे दिसले नाही. बहुतेक ब्लिप हे मोजणीतील आणि शरीरातील नैसर्गिक चढउतारच होते. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मी हा अभ्यास आवर्जून सांगते, कारण ८५ प्रतींच्या आकड्याने ज्याची झोप उडालेली असते, त्याला नुसत्या "काही होत नाही" या दिलाशाचा उपयोग होत नाही. असे का घडते हे त्याला कळायला हवे असते.

रिपोर्टवर प्रतींच्या आकड्याशेजारी आणखी एक छोटा आकडा असतो, लॉगचा. एक लॉग म्हणजे दहापट. त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. एकाच माणसाचे रक्त एकाच दिवशी दोनदा तपासले तरी मोजणीत थोडाफार फरक पडतोच, आणि म्हणून अर्ध्या लॉगपेक्षा, म्हणजे साधारण तिपटीपेक्षा, कमी बदलाला तज्ज्ञ फारसे महत्त्व देत नाहीत. ५० चे ११० झाले तर आकडा दुपटीहून वाढला हे खरे, पण त्यातून काही अर्थ काढता येत नाही. ५० चे ५,००० झाले तर तो दोन लॉगचा फरक आहे, आणि तेथे थांबून विचार करावाच लागतो.

नमुना कसा घेतला आणि कसा ठेवला गेला, यावरही आकडा अवलंबून असतो. रक्त काढल्यावर ठरावीक वेळेत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. प्लाझ्मा वेगळा राहावा म्हणून जेल भरलेल्या नळ्याही वापरल्या जातात. त्यांत प्लाझ्मा तसाच ठेवला किंवा गोठवला तर पेशींमधील विषाणूचा अंश त्यात उतरून लोड प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो, असे आढळले आहे. मागचा रिपोर्ट सरकारी प्रयोगशाळेतला आणि आताचा खासगी प्रयोगशाळेतला असेल, तर दोन वेगळ्या यंत्रांवरचे लहान आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो. यासाठीच मी सुचवते की शक्यतो एकाच ठिकाणी तपासणी करावी आणि सगळे जुने कागद ग्रीन बुकमध्ये, म्हणजे केंद्राकडून मिळालेल्या उपचार-नोंदवहीत, जपून ठेवावेत.

शरीरात दुसरा आजार चालू असताना काय होते, हेही पाहिले पाहिजे. ताप, न्यूमोनिया, हिवताप यांसारख्या संसर्गात प्रतिकारशक्ती खडबडून कामाला लागते. त्या धामधुमीत दडलेल्या पेशी जाग्या होऊन लोड काही काळ वाढू शकतो. रक्त देण्याच्या आदल्या आठवड्यात ताप आला होता का, लस घेतली होती का, हे सांगायला विसरू नये. महाराष्ट्रात याहून मोठा प्रश्न क्षयाचा आहे. खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री दरदरून घाम येणे ही चार लक्षणे प्रत्येक भेटीत विचारायचीच असतात, पण लोड वाढलेला असताना ती दुप्पट काळजीने विचारावीत असे माझे मत आहे.

भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमात १,००० ही सीमारेषा धरली आहे. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि पुढे वर्षातून एकदा लोड तपासला जातो. तो १,००० च्या खाली असेल तर दबलेला मानतात. १,००० किंवा त्याहून जास्त असेल तर एका रिपोर्टवरून औषध बदलत नाहीत; विशेष समुपदेशन सुरू होते आणि गोळ्या नीट चालू असल्याची खात्री करून तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतात. जुन्या रुग्णांना हे नवे वाटते. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी महाराष्ट्रासह मोजक्या राज्यांत सुरू झाली, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे सगळी मदार सीडी-४ पेशींच्या मोजणीवरच होती. उपचार निष्फळ ठरत असल्याची शंका आली तरच लोड तपासला जाई, आणि तोवर बराच उशीर झालेला असे. सर्व रुग्णांसाठी नियमित व्हायरल लोड तपासणी २०१८ पासून सुरू झाली. आज सीडी-४ घसरण्याच्या कितीतरी आधी हा आकडा आपल्याला सावध करतो, ही मी कार्यक्रमातील फार मोठी प्रगती मानते.

आता ज्या कारणाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते त्याकडे येते. ते कारण म्हणजे एचआयव्हीच्या गोळीबरोबर पोटात जाणारी इतर औषधे. आज बहुतेक रुग्ण टीएलडी ही दिवसातून एकदा घ्यायची गोळी घेतात. तिच्यात टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम असते. यांतील डोल्युटेग्रॅव्हिर अतिशय दमदार औषध आहे, पण ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, लोह किंवा कॅल्शियम यांच्याशी पोटात गाठ पडली की ते त्यांना चिकटते आणि रक्तात पुरेसे उतरत नाही.

एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांचा लोड कित्येक वर्षे दबलेला होता आणि त्या वेळी तो १,००० च्या बराच वर गेला होता. टेबलावर डबी उघडून आम्ही दोघांनी गोळ्या मोजल्या. जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच उरल्या होत्या. गोळी रोज रात्री जेवणानंतर घेतो, असे ते सांगत होते आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे काही कारण नव्हते. मी त्यांना पुढच्या वेळी घरातली सगळी औषधे पिशवीत भरून आणायला सांगितले. त्या पिशवीतून रक्तदाबाची गोळी निघाली, मलम निघाले आणि ॲसिडिटीच्या पातळ औषधाची अर्धी संपलेली बाटली निघाली. "हे केव्हा घेता, काका?" "रात्री जेवल्यावर जळजळतं ना मॅडम, मग दोन झाकणं घेतो आणि त्याच्यावरच तुमची गोळी घेतो. ते काही औषध नाही हो, दुकानात असंच मिळतं." अशा पातळ औषधात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. दोन्ही एकाच वेळी घेतल्यास डोल्युटेग्रॅव्हिरचे रक्तातील प्रमाण जवळजवळ तीन-चतुर्थांशाने घटते. काका रोज न चुकता गोळी घेत होते, आणि तिच्यातल्या डोल्युटेग्रॅव्हिरचा जेमतेम चौथा हिस्सा त्यांच्या अंगी लागत होता. डॉक्टरांनी दोन्हींच्या वेळा वेगळ्या करून दिल्या. पुढच्या तपासणीत त्यांचा लोड दबलेला आला.

नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. टीएलडीची गोळी ॲसिडिटीच्या अशा औषधाच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू आहे. मात्र त्या आणि टीएलडी एकाच वेळी घ्यायच्या झाल्यास भरल्या पोटी, जेवणाबरोबर घेतल्या तर चालतात. उपाशीपोटी एकत्र घेतल्यास कॅल्शियममुळे डोल्युटेग्रॅव्हिर सुमारे ४० टक्क्यांनी आणि लोहामुळे निम्म्याहून अधिक घटते. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात, आणि प्रसूतिपूर्व तपासणी एका ठिकाणी तर एआरटी दुसऱ्या ठिकाणी अशी विभागणी असल्यामुळे या वेळा तिला कोणीच समजावून सांगितलेल्या नसतात. आयुर्वेदिक औषधांतील शंखभस्मात कॅल्शियम असते आणि लोहभस्मात लोह. ती घेणाऱ्यांनी संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. केंद्रात कोणी रागावेल या भीतीने माणसे ही गोष्ट लपवतात, आणि त्या लपवण्यातून होणारे नुकसान रागावण्यापेक्षा कितीतरी मोठे असते.

क्षयावरील रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना इतके चेतवते की डोल्युटेग्रॅव्हिरचा झपाट्याने निचरा होतो. म्हणून क्षयाचे उपचार चालू असेपर्यंत टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक ५० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. ही दुसरी गोळी राहून गेली तर लोड वाढण्याची भीती असते. फिटसाठी दिली जाणारी कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधेही अशाच रीतीने डोल्युटेग्रॅव्हिरचे प्रमाण घटवतात. मज्जातंतूंच्या डॉक्टरांना आपले एचआयव्हीचे औषध सांगणे यासाठी आवश्यक असते.

एवढे सगळे पडताळल्यावर डोस चुकण्याकडे यावे, आणि तेही "का" या अंगाने. महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी एक चुकली तर नियमितपणा ९५ टक्क्यांच्या वर राहतो, दोन चुकल्या की तो त्याखाली जातो. दोन गोळ्या चुकायला फार मोठे काही घडावे लागत नाही. बीड, धाराशिव, जालन्याकडची ऊसतोडीची जोडपी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पहाटे अंधारात फडावर जायचे, रात्री-अपरात्री गाडी भरायची, आणि शेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कोण काय खाते-पिते हे सगळ्यांना दिसत असते. अशा ठिकाणी रोज ठरल्या वेळी डबी काढून गोळी घेणे हेच मोठे काम असते. त्यात गोळ्या संपल्या तर मुकादमाला रजेचे कारण काय सांगायचे? एकावेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात आणि जवळच्या दुसऱ्या केंद्रातून गोळ्या घेण्याची सोयही असते. पण त्यासाठी आपण कोठे जाणार आहोत हे निघण्यापूर्वी केंद्रात सांगावे लागते, आणि आम्हीही ते दसऱ्यापूर्वीच विचारले पाहिजे.

बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या मुलीची अडचण निराळी असते. सासरी नवऱ्याला माहीत असते, माहेरी भावजयीला कळू द्यायचे नसते, म्हणून डबीवरचे लेबल खरवडले जाते, गोळ्या पावडरच्या डब्यात जातात, आणि पाहुण्यांच्या गर्दीत एखादा दिवस हुकतो. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत गोळ्या चुकण्याचे प्रमाण वाढते हे जगभर दिसून आले आहे. स्तनपान चालू असताना आईचा लोड वाढणे बाळासाठी धोक्याचे असल्याने या काळात मी फोनवर जास्त चौकशी करते. जन्मापासून एचआयव्ही असलेली जी मुले आता वसतिगृहांत राहतात, त्यांना गोळी घेण्यासाठी एकांत मिळत नाही. शिवाय वाढत्या वयात वजनानुसार डोस वाढवायला हवा असतो. तो जुनाच राहिला तर मूल एकही गोळी न चुकवता कमी औषध घेत राहते. त्या मुलाला "तू गोळ्या टाळतोस" असे ऐकवणे हा मी अन्याय समजते. दारू आणि मनाची उदासी ही कारणे इतकी सर्वज्ञात आहेत की त्यांवर येथे लिहीत बसत नाही, पण ती विचारावी लागतातच.

एक गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर लगेच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. लोड वाढलेला पाहून निराशेने औषध बंद करणे हा सर्वांत घातक निर्णय आहे. ज्यांना हिपॅटायटिस बी सुद्धा आहे त्यांच्यात तर टेनोफोव्हिर आणि लॅमिव्युडिन अचानक थांबल्याने यकृताचा आजार उसळू शकतो.

सर्वांत जास्त भीती असते ती औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूची. रक्तात औषध अपुरे असताना विषाणू वाढत राहिला तर त्याच्या रचनेत बदल घडतात आणि औषधाला न जुमानणारा वाण पुढे येतो. लॅमिव्युडिनच्या बाबतीत हे फार लवकर होते; विषाणूच्या एका विकरातील १८४ व्या स्थानावरचे अमिनो आम्ल बदलले की हे औषध जवळजवळ निष्प्रभ होते. टेनोफोव्हिरला चकवणारा ६५ व्या स्थानावरचा बदल आपल्याकडे प्रामुख्याने आढळणाऱ्या सी उपप्रकारात अधिक सहज घडतो. पूर्वी नेव्हिरापिन किंवा एफाविरेन्झ घेतलेल्या जुन्या रुग्णांमध्ये असे काही बदल आधीपासून साठलेले असू शकतात. असे बदल घडवून डोल्युटेग्रॅव्हिरला मात देणे मात्र विषाणूला खूपच अवघड जाते. टीएलडीवर लोड वाढलेल्या बहुतेकांचा लोड, गोळ्यांची घडी नीट बसली की, औषध न बदलता खाली येतो. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, कारण "आता माझ्यासाठी औषधच उरले नाही" या समजुतीने माणसे खचतात.

तीन महिन्यांनंतरचा लोडही १,००० च्या वर राहिला तर प्रकरण वरच्या केंद्राकडे जाते आणि राज्याचे तज्ज्ञ मंडळ सगळे कागद पाहून सेकंड लाइनचा, म्हणजे औषधांचा दुसरा संच देण्याचा, निर्णय घेते. विषाणू कोणत्या औषधांना दाद देत नाही हे पाहणारी प्रतिरोध चाचणी करायची असेल तर ती गोळ्या चालू असतानाच करावी लागते. औषध बंद केले की काही आठवड्यांत मूळ विषाणू पुन्हा वरचढ होतो आणि बदललेला वाण चाचणीत दिसत नाही. काही थोड्या लोकांमध्ये मात्र नेमाने गोळ्या घेऊनही आणि प्रतिरोध नसतानाही लहान आकडा महिनोन्महिने टिकून राहतो. विषाणू दडलेली एखादी पेशी स्वतःच्या असंख्य प्रती काढते आणि त्या सगळ्या मिळून थोडाथोडा विषाणू रक्तात सोडत राहतात, हे संशोधकांनी गेल्या काही वर्षांत दाखवून दिले आहे. अशा माणसाला पुनःपुन्हा झापून काहीच साधत नाही.

या साऱ्यात एक प्रश्न माणसे दार लोटून, आवाज खाली आणून विचारतात: "मग माझ्यामुळे तिला लागण होईल का?" जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की लोड यंत्राला न दिसण्याइतका खाली असेल तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होण्याचा धोका शून्य असतो, आणि तो दिसत असला तरी १,००० किंवा त्याखाली असेल तर धोका जवळजवळ शून्य असतो. म्हणजे ८५ किंवा १५० आकडा आलेल्या माणसाने त्या रात्रीपासून बायकोपासून दूर झोपण्याचे कारण नाही. लोड १,००० च्या वर गेला असेल तर तो पुन्हा दबल्याचा रिपोर्ट हाती येईपर्यंत प्रत्येक वेळी निरोध वापरावा. रिपोर्टपूर्वीच्या काळात निरोधाशिवाय संबंध आला असेल तर जोडीदाराची तपासणी आयसीटीसी या सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात मोफत होते. ती एकदा निगेटिव्ह आली तरी डॉक्टर सांगतील त्या मुदतीनंतर पुन्हा करून घ्यावी.